टेकलाय की टेकल्यासारखा दिसतोय?

ठाण्यात, नौपाड्याला, आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. मागच्या महिन्यात घणसोलीहून येणारा एक मुलगा चाचणीचा पेपर घेऊन आला तो तणतणतच. आलेखाला दोनपैकी एकच मार्क, आणि शेजारी लाल पेनाने शेरा: 'आलेख अक्षाला टेकला आहे.'

"मॅडम, मग काढायचा कसा? उणे पाचला किंमत येते एक बत्तिसांश सेंटिमीटर. माझी पेन्सिलच त्याहून जाड आहे!"

मी पट्टी घेऊन बघितलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आलेख होता 'य = २^क्ष' चा, एक सेंटिमीटरला एक एकक अशा प्रमाणात. (शाळेत सगळे एक्स आणि वाय म्हणतात, पण माझ्या पिढीने 'समजा क्ष' म्हणतच बीजगणित केलं, तेव्हा इथे क्ष आणि य चालवून घ्या. २^क्ष म्हणजे २ चा क्षवा घात. टाइप करताना घातांक वर चढवता येत नाही म्हणून ती मधली टोपी.) क्ष ला ० धरलं की य येतो १. उणे एकला अर्धा, उणे दोनला पाव, मग अष्टमांश, सोळांश, आणि उणे पाचला १/३२, म्हणजे सुमारे ०.३१ मिलिमीटर. मुलं वापरतात त्या पेनपेन्सिलीचं शिसं ०.५ मिलिमीटरचं. अक्षाची रेघ आणि आलेखाची रेघ एकमेकींवर चढणारच.

तपासणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं, कारण आलेख खरोखरच टेकत नाही. उणे दहाला तो अक्षापासून १/१०२४ सेंटिमीटर वर असतो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. उणे वीसला सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग. कितीही वेळा निम्मं केलं तरी निम्म्याचं शून्य होत नाही. दिसायला टेकतो, असायला टेकत नाही. या दोन्हींच्या मधली गोष्ट म्हणजे अनंतस्पर्शी रेषा, मुलांच्या भाषेत ॲसिम्प्टोट.

या शब्दाची एक गंमत आहे. मूळ ग्रीक शब्द 'असिम्प्टोटॉस', अर्थ 'एकत्र न पडणारे', म्हणजे न भेटणारे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला ग्रीक गणितज्ञ अपोलोनियस शंकुच्छेदांबद्दल, म्हणजे शंकू कापला की मिळणाऱ्या वक्ररेषांबद्दल, लिहिताना त्यांतला हायपरबोला ज्यांना बिलगतो त्या रेषांसाठी तो वापरतो. आपला शब्द मात्र म्हणतो 'अनंतात स्पर्श करणारी'. एक भाषा म्हणते कधीच भेटत नाहीत, दुसरी म्हणते भेटतात, पण अनंतात. मला आपला शब्द जास्त आवडतो, पण परीक्षेत ग्रीक अर्थ जास्त उपयोगी पडतो.

नेमकं सांगायचं तर असं. तुम्ही मला एक बारीकसं अंतर द्या, समजा एक लाखांश. मी आलेखावर अशी जागा दाखवते, जिथून पुढे आलेख त्या रेषेच्या एक लाखांशाच्या आतच राहतो, पुन्हा बाहेर येत नाही. २^क्ष साठी ती जागा उणे सतरा, कारण २ चा सतरावा घात १,३१,०७२, लाखाच्या वर. तुम्ही अंतर कोट्यंश करा, मी आणखी डावीकडे सरकते. कितीही लहान अंतर दिलंत तरी मला जागा सापडते, म्हणून 'य = ०', म्हणजे आडवा अक्षच, ही अनंतस्पर्शी. लोकल फलाटाशी येते तशी ही गोष्ट नाही. गाडी हळू होते, पण शेवटी थांबते, दार फलाटासमोर येतं, आपण उतरतो. इथे उतरणं नाही.

हा सगळा वाद चालू असताना त्याच्यासमोर ठेवलेला चहा निवत होता. मला तेवढंच हवं होतं.

समजा कपात ओतला तेव्हा चहा ८५ अंशांवर होता आणि खोली ३० अंशांवर. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला निवण्याचा नियम सांगतो की वस्तू किती झपाट्याने निवेल ते तिच्यातल्या आणि भोवतालातल्या तापमानाच्या फरकावर ठरतं. फरक मोठा तर घाई, फरक छोटा तर आळस. इथे फरक ५५ अंशांचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरून चालू की दर दहा मिनिटांनी हा फरक निम्मा होतो. दहा मिनिटांनी फरक २७.५, म्हणजे चहा ५७.५ अंशांवर. वीस मिनिटांनी ४३.७५. अर्ध्या तासाने सुमारे ३७, चाळीस मिनिटांनी साडेतेहतिसाच्या आत. तासाने ३०.९, वर साय धरलेली, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते तो प्रसंग.

सूत्र लिहिलं तर: तापमान = ३० + ५५ × (१/२)^(म/१०), म म्हणजे मिनिटं. आता अनंतस्पर्शी कोणती ते विचारा. पुस्तक पाठ करून आलेली मुलं पटकन 'शून्य' म्हणतात. चहा शून्य अंशांवर जाईल? ठाण्यात? आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवलेला चहा गोठत नाही, तो खोलीइतका होतो. सूत्रातला ५५ × (१/२)^(म/१०) हा तुकडा विरत जातो आणि मागे उरतात ३०. रेषा तीच. एसी लावून खोली २४ वर आणली तर रेषा २४ वर सरकते, चहा तोच.

(कोणीतरी विचारणारच: माठातलं पाणी खोलीपेक्षा गार कसं होतं? ते बाष्पीभवनाचं काम, तिथे हा नियम एकटा पुरत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत माठही फार पराक्रम दाखवत नाही ते सोडा.)

घातांकी फंक्शनची, म्हणजे जिथे क्ष घातांकात बसतो त्याची, अनंतस्पर्शी शोधायची म्हणजे एवढंच करायचं: कोणता तुकडा विरतोय ते बघायचं, आणि तो पुसून टाकल्यावर काय उरतं ते लिहायचं. माझ्या वर्गात मी 'कोण मरतोय आणि कोण उरतोय' असंच विचारते, कारण ते लक्षात राहतं.

उदाहरणार्थ य = ७ × २^(क्ष − ३) + ५. इथे कंसातले ३ बघून निम्मा वर्ग 'क्ष = ३' लिहून मोकळा होतो. पण २^(क्ष − ३) म्हणजे दुसरं काही नाही, २^क्ष ला आठने भागलंय इतकंच. मरणाऱ्याला आठने भागा, सातने गुणा, मरायचा तो मरतोच. क्ष डावीकडे लांब गेला की हा सगळा तुकडा शून्याकडे जातो, उरतात ५. उत्तर: य = ५. बाकी ७ आणि ३ यांनी आलेख ताणला, सरकवला, पण रेषेला धक्का लावला नाही.

य = ५ − २^क्ष घेतलं तरी रेषा य = ५ च. फरक इतका की आता आलेख रेषेच्या खालून तिला बिलगतो आणि उजवीकडे गेला की खाली कोसळतो. पाया, म्हणजे ज्याचा घात करायचा तो आकडा, १ पेक्षा लहान असेल, चहासारखा अर्धा, तर मरण उजवीकडे येतं, डावीकडे नाही. आणि एकाच टोकाला येतं, हे विसरू नका. २^क्ष उजवीकडे कुठल्याही रेषेला विचारत नाही.

य = (२^क्ष + ६)/२ हे मी मुद्दाम देते. घाईत उत्तर येतं य = ६. पण भागाकार ६ लाही लागू आहे; २^क्ष मेला की उरतात ६/२, म्हणजे य = ३. आणि य = २^क्ष + क्ष? डावीकडे २^क्ष विरतो आणि उरतो नुसता क्ष. म्हणजे आलेख य = क्ष या तिरक्या रेषेला जाऊन मिळतो. उणे दहाला त्याची किंमत आहे −९.९९९. अनंतस्पर्शी आडवीच असली पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही.

दोन आडव्या रेषाही असू शकतात. ठाणे तलावांचं शहर, आणि तलाव म्हटला की जलपर्णी आलीच. समजा एका तलावात जलपर्णी वाढतेय आणि तलावाचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर आहे. सुरुवातीला ती दुपटीने, चौपटीने पसरते, पण पाणीच संपलं की पसरणार कुठे? व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्येसाठी १८३८ मध्ये असंच सूत्र मांडलं. आपल्या तलावाला ते असं लागेल: य = १०००/(१ + ९ × ई^(−क्ष)). यातला ई म्हणजे २.७१८... हा आकडा; २ पेक्षा मोठा पाया इतकंच समजा. क्ष उजवीकडे गेला की ई^(−क्ष) मरतो, खाली उरतो १, उत्तर १०००. तलाव भरला. क्ष डावीकडे गेला की तोच ई^(−क्ष) फुगतो, छेद प्रचंड होतो, उत्तर शून्याकडे. म्हणजे वर य = १००० आणि खाली य = ०, दोन्ही अनंतस्पर्शी. क्ष = ० ला किंमत १००, म्हणजे तलावाचा दहावा भाग झाकलेला. तेव्हाच जागं झालं तर बरं.

'अनंतस्पर्शी रेषा आलेखाला कधीच ओलांडता येत नाही' असं एक वाक्य फिरत असतं. साध्या २^क्ष ला ते लागू आहे, सरसकट नाही. य = क्ष × ई^(−क्ष) घ्या. क्ष = ० ला य = ०, म्हणजे आलेख क्ष-अक्ष सरळ ओलांडून वर येतो. क्ष = १ ला ०.३७ पर्यंत चढतो आणि मग उतरत उतरत त्याच अक्षाला बिलगतो, ज्याला तो मघाशी ओलांडून आला. आधी ओलांडलं म्हणून काही बिघडत नाही, प्रश्न फक्त टोकाला काय होतं याचा आहे.

आता लॉग. लॉगला मुलं उगाच घाबरतात. लॉग हा उलटा प्रश्न आहे. 'दोनचा तिसरा घात किती?' याचं उत्तर ८, आणि 'दोनचा कितवा घात ८?' याचं उत्तर ३. हा दुसरा प्रश्न म्हणजे पाया २ घेऊन ८ चा लॉग. तेव्हा २^क्ष च्या आलेखावरचा (−५, १/३२) हा बिंदू लॉगच्या आलेखावर (१/३२, −५) होतो. सगळ्याच बिंदूंची अशी अदलाबदल होते. ट्रेसिंग पेपरवर २^क्ष काढून कागद य = क्ष या तिरक्या रेषेवर दुमडला तर दुसऱ्या बाजूला लॉग उमटतो. आडवा अक्ष उभ्या अक्षावर जाऊन पडतो, म्हणून आडवी अनंतस्पर्शी उभी होते. य = ० ची क्ष = ०. नवीन काही पाठ करायचं नाही.

पण उभं राहिल्यावर तिचा स्वभाव किती बदलतो ते बघायला एक प्रयोग डोक्यातल्या डोक्यात करा. पाया १० घ्या आणि लॉगचा आलेख एक सेंटिमीटरला एक एकक या प्रमाणात काढायला लागा. मूळबिंदू ठाणे स्टेशनात, आणि क्ष-अक्ष म्हणून रेल्वेचा रूळ, सीएसएमटीच्या दिशेने. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तो हाच मार्ग, सुमारे ३४ किलोमीटर.

एक सेंटिमीटरवर आलेख शून्यावर. दहा सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर उंच. एका मीटरवर २. दहा मीटरवर ३. फलाटाची लांबी संपता संपता तो ४ सेंटिमीटरच्या वर पोचलेला असतो आणि एक किलोमीटरवर ५. पुढे चालत राहा. दादरला ६.४०. सीएसएमटीला ६.५३. अख्खा मध्य रेल्वेचा प्रवास झाला आणि आलेख रुळापासून तर्जनीइतकाही वर आलेला नाही. दादर ते सीएसएमटी या नऊ किलोमीटरमध्ये तो चढला जेमतेम १.३ मिलिमीटर.

हे ऐकलं की मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, मग वर कुठेतरी आडवी अनंतस्पर्शी असणार. सातला?" नाही. हळू चढणं वेगळं आणि डोक्यावर छत असणं वेगळं. शंभर किलोमीटरवर आलेख बरोबर ७ ला पोचतो आणि पुढे जातो. दहा सेंटिमीटर उंची हवी तर एक लाख किलोमीटर लांब रूळ लागेल, पृथ्वीभोवती अडीच फेऱ्या. वीस सेंटिमीटर हवी तर शंभराहून जास्त प्रकाशवर्षं. लागेल तेवढा रूळ द्या, हवी ती उंची मिळते. नुसत्या लॉगला आडवी अनंतस्पर्शी नाही.

आता ठाण्यात परत या आणि मूळबिंदूच्या जवळ बघा. क्ष एक मिलिमीटर असताना आलेख उणे एकवर. दशांश मिलिमीटरवर उणे दोनवर. क्ष अणूच्या आकाराइतका उरतो, सेंटिमीटरचा दहा कोट्यांश, तेव्हा आलेख अक्षाच्या आठ सेंटिमीटर खाली गेलेला असतो. वर दहा सेंटिमीटर चढायला लाख किलोमीटर लागले, आणि खाली दहा उतरायला एका सेंटिमीटरची जागाही पुरून उरते. मोबाइलवरच्या ग्राफिंग ॲपमध्ये लॉगची रेघ मध्येच कापल्यासारखी दिसते ती म्हणूनच. ती तिथे संपलेली नसते. उभ्या अक्षाला इतकी चिकटलेली असते की स्क्रीनवर तिला स्वतःचा ठिपका मिळत नाही.

बारावीच्या बोर्डाच्या भौतिक-रसायनला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते टेबल कधी उघडून बघितलंय? पहिल्या रकान्यात १० पासून ९९ पर्यंत आकडे. शून्याची ओळच नाही. २ चा लॉग ०.३०१०. मग ०.२ चा 'बार वन पॉइंट थ्री झीरो वन झीरो' (बार म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची उणेची रेघ), ०.०२ चा 'बार टू', ०.००२ चा 'बार थ्री'. आकडा दहापट लहान केला की बारचा आकडा एकाने वाढतो. पायरीनंतर पायरी, तळ नाही. शून्य गाठायला अनंत बार लागतील, म्हणून शून्याचा लॉग नाही. जॉन नेपियरने पहिली लॉगरिदमं छापली १६१४ मध्ये. पाया १० ची आपल्या ओळखीची सारणी त्यानंतर हेन्री ब्रिग्जने रचली. चारशे वर्षांत कोणालाही तिच्यात शून्याची ओळ घालता आलेली नाही.

तर लॉगची अनंतस्पर्शी शोधताना कंसाच्या आत बघायचं. आतला आकडा शून्य कुठे होतो? तिथे उभी रेषा. लॉग(क्ष + ४) ला क्ष = −४; चिन्हाची गफलत इथेच होते. लॉग(२क्ष − ६) ला ३, सहा नाही. लॉग(५ − क्ष) ला ५, पण आलेख त्या रेषेच्या डाव्या बाजूला, कारण आतला आकडा धन असायलाच हवा. बाहेर काहीही गुणलं, मिळवलं, जसं ३ × लॉग(क्ष − २) + ८, तरी रेषा क्ष = २ च. घातांकी फंक्शनमध्ये बाहेर मिळवलेला आकडा महत्त्वाचा होता, आतला नाही. लॉगमध्ये आतला महत्त्वाचा, बाहेरचा नाही. ट्रेसिंग पेपर दुमडल्याचाच हा परिणाम.

लॉग(क्ष² − ४) ला दोन उभ्या रेषा, क्ष = २ आणि क्ष = −२, आणि मधल्या पट्ट्यात आलेखच नाही. लॉग(क्ष² + १) ला एकही नाही, कारण आतलं कधी १ च्या खाली येतच नाही.

माझा आवडता सापळा मात्र हा: य = लॉग(क्ष) − लॉग(क्ष − ३). हुशार मुलंसुद्धा इथे अडकतात. पहिला लॉग बघून क्ष = ० लिहितात, दुसरा बघून क्ष = ३. पण क्ष ३ पेक्षा मोठा असल्याशिवाय दुसरा लॉग जन्मालाच येत नाही. शून्याच्या आसपास आलेखाचा पत्ताच नाही, मग तो क्ष = ० ला बिलगणार कसा? उभी रेषा एकच, क्ष = ३. तिच्याजवळ लॉग(क्ष − ३) खोल खाली जातो आणि वजाबाकीमुळे आलेख वर उसळतो. गंमत पुढे आहे. दोन्ही लॉग एकत्र केले की होतात लॉग(क्ष/(क्ष − ३)). क्ष खूप मोठा झाला की आतला अपूर्णांक १ च्या जवळ जातो, आणि १ चा लॉग शून्य. म्हणजे आडवी अनंतस्पर्शीसुद्धा मिळाली, य = ०. एकट्या लॉगला छत नसतं, पण दोन लॉग एकमेकांतून वजा केले तर तळ सापडतो.

आणि हे एकत्र केलेलं रूप कोणी पेपरात सुरुवातीपासूनच दिलं, तर उत्तर बदलतं. लॉग(क्ष/(क्ष − ३)) ऋण क्ष लाही चालतो, कारण ऋण भागिले ऋण धन. मग क्ष शून्याकडे डावीकडून येताना आतलं शून्याकडे जातं आणि क्ष = ० ही रेषा खरोखर अवतरते. क्ष = ३ ला मात्र आतलं शून्य होत नाही, उलट अनंताकडे जातं, आणि तरीही उभी रेषा मिळते. तेव्हा 'आतलं शून्य कुठे' हा प्रश्न पुरेसा नाही. 'आतलं शून्याकडे किंवा अनंताकडे कुठे जातं' असं विचारा, आणि त्याआधी आलेख तिथे पोचतो तरी का ते बघा.

मासुंदा तलावावर, म्हणजे आपल्या तलावपाळीला, विसर्जनाच्या दिवशी उभं राहिलं की लॉग कानांनी ऐकू येतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबल हे लॉगचं माप आहे: ध्वनीची तीव्रता दहापट झाली की १० डेसिबलची भर. एका ढोलाच्या जागी तितक्याच जोराने वाजणारे दहा ढोल आले तर आकडा दहाने वाढतो, शंभर आले तर वीसने. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मग संपूर्ण शांतता किती डेसिबल? शून्य, असं सगळे म्हणतात. पण ० डेसिबल ही माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची ठरवून दिलेली पातळी आहे, शांतता नाही. त्याहून बारीक आवाज असतो आणि त्याचे डेसिबल उणे येतात. आवाजच नसेल तर तीव्रता शून्य, आणि शून्याचा लॉग नाही. शांतता त्या उभ्या रेषेवर उभी आहे. डेसिबलच्या मापाने तिच्यापर्यंत जाता येत नाही.

ऐरोली-महापेच्या आयटीवाल्या पालकांना मी सांगते, ऑफिसात शून्याचा लॉग मागून बघा. एक्सेल चूक दाखवतं. पायथॉन 'व्हॅल्यू एरर' म्हणून हात वर करतं. जावास्क्रिप्ट बिनदिक्कत 'उणे इन्फिनिटी' असं उत्तर देऊन पुढे जातं. तीन भाषा, तीन स्वभाव. आणि २^क्ष ला उलट दिशेने ताणून बघा. नेहमीच्या दशांश आकड्यांत संगणकाला २ चा उणे १०७४ वा घात साठवता येतो. उणे १०७५ मागितला की तो सरळ ० देतो. तिथे संगणकाच्या पेन्सिलीचं शिसं संपलं. त्याचा आलेख टेकतो, गणितातला टेकत नाही.

तर आमच्या घणसोलीकराचं काय झालं? त्याला मी आलेख काढायची कारागिरी शिकवली. आधी अनंतस्पर्शी तुटक रेघेने काढायची आणि तिच्या शेजारी तिचं समीकरण लिहायचं. ती अक्षावरच पडत असेल तर नुसतं 'य = ०' लिहायचं. मग आलेख तिच्याकडे न्यायचा, पण दोन रेघांच्या मध्ये पांढरा कागद दिसला पाहिजे, आणि टोकाला बाण. पुन्हा अक्षापासून लांब वळवायचा नाही. ते टेकण्यापेक्षा वाईट.

"पण मॅडम, तेवढं वर काढलं तर प्रमाण चुकतं."

"चुकतं."

पुढच्या चाचणीत तसाच आलेख आला होता. पेपर मिळाल्यावर त्याने तो माझ्यासमोर ठेवला आणि पट्टी लावून दाखवली. उणे पाचला त्याची रेघ अक्षापासून चांगली दीड मिलिमीटर वर होती, असायला हवी त्याच्या जवळपास पाचपट. शेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, दोनपैकी दोन.